श्वास मोजून डेको ठरवणारा डाइव्ह कॉम्प्युटर: आठ महिने वापरल्यावर

आठ महिने झाले स्कूबा डायव्हिंगला मनगटावर बांधायचा हा कॉम्प्युटर घेऊन, ४० च्या वर डाइव्ह झाल्या त्याच्यावर, आता लिहायला हरकत नाही. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाहीये, कारण माझं भांडण एका कंपनीशी नाही, त्या एका फीचरशी आहे ज्याच्यासाठी मी हा घेतला. फीचर असं: सिलिंडरवर ट्रान्समीटर बसवायचा, तो प्रेशर मनगटावर पाठवतो, कॉम्प्युटर त्यावरून तुम्ही मिनिटाला किती गॅस ओढताय ते काढतो, आणि तुम्ही जोरात श्वास घेताय म्हणजे कष्ट करताय असं धरून डेको, म्हणजे वर येताना वाटेत थांबायची वेळ, वाढवतो. शांत असाल तर कमी. ऐकायला इतकं पटतं की मी पुढचं काही विचारलंच नाही.

आधी चांगलं सांगतो, म्हणजे नंतर मी नुसताच ओरडतोय असं वाटायला नको. स्क्रीन झकास आहे, गढूळ पाण्यातही वाचता येतो. बटणं जाड ग्लोव्हजमध्ये दाबता येतात. ट्रान्समीटर एकदा जोडला की मुकाट जोडलेला राहतो, आठ महिन्यांत दोनदाच सिग्नल गेला आणि दोन्ही वेळा शेजारी कुणाचा तरी कॅमेऱ्याचा मोठा लाइट चालू होता. आणि डाइव्ह झाल्यावर लॉगमध्ये मिनिटामिनिटाचा गॅस वापराचा ग्राफ मिळतो ना, तो मात्र खरंच सोनं आहे. त्याच्याबद्दल पुढे बोलतो कारण माझे अर्धे पैसे तिथेच वसूल झाले.

आता मूळ मुद्दा. सुरुवातीला मी फार खूश होतो. एकाच जागी, एकाच खोलीला दोन दिवस ओळीने गेलो, ३६ मीटर, नायट्रॉक्स २८ (२८ टक्के ऑक्सिजनचं मिश्रण), खाली २५ मिनिटं. पहिल्या दिवशी पाणी निवांत होतं, वर येताना १४ मिनिटं डेको दाखवला. दुसऱ्या दिवशी करंट होता आणि बडीच्या (पाण्यातल्या जोडीदाराच्या) हातून स्पूल (दोरीचं रीळ) सुटली, ती आणायला मी करंटच्या विरुद्ध चांगली चार-पाच मिनिटं पाय मारले, धाप लागली, आणि वर येताना कॉम्प्युटर म्हणाला २१. बडीच्या मनगटावर साधा बुलमन (श्वास न बघता डेकोचं नेहमीचं गणित करणारा कॉम्प्युटर), त्याचे दोन्ही दिवस सारखेच. मी म्हटलं बघ, माझ्या कॉम्प्युटरला कळतं मी काय केलं ते, तुझ्याला काय कळतंय! आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी त्याची दिशा बरोबरच होती. खाली कष्ट केले की स्नायूंतून रक्त जास्त फिरतं, जास्त रक्त म्हणजे जास्त नायट्रोजन टिशूत, म्हणजे शरीराच्या ऊतींत, जाऊन बसतो, मग वर येताना जास्त थांबायला हवं. ही कल्पना काही हवेतून आलेली नाही, ज्याच्या नावाने ते नेहमीचं गणित आहे त्या बुलमननेच शेवटच्या काळात कष्ट आणि थंडी धरणारं आठ कंपार्टमेंटचं (हिशोबासाठी धरलेल्या आठ टिशूंचं) मॉडेल केलं होतं. त्यामुळे हे फीचर म्हणजे नुसती जाहिरातबाजी आहे असं मी म्हणणार नाही.

पण मग तिसऱ्या आठवड्यात एका रेकमध्ये (बुडालेल्या जहाजात) माझ्याच फिनने गाळ उठला. समोरचं काही दिसेना. मी लाइन धरून जागच्या जागी थांबलो, पाय हलवले नाहीत, काहीच केलं नाही, फक्त घाबरलो. दोन-तीन मिनिटांत गाळ बसला, बडीचा लाइट दिसला, बाहेर आलो. नंतर लॉग बघितला तर त्या तीन मिनिटांत माझा वापर पृष्ठभागाच्या हिशोबाने मिनिटाला ३१ लिटर, म्हणजे करंटमध्ये पाय मारताना होता त्याच्याहूनही जास्त! आणि कॉम्प्युटरने इमानेइतबारे डेको वाढवून ठेवला होता. पायाचे स्नायू ढिम्म, आणि हिशोब मॅरेथॉनचा. तिथे मला पहिल्यांदा शंका आली की हा नक्की मोजतोय काय.

तर मोजतोय तो सिलिंडरचा घसरता काटा. बस. त्याला श्वास दिसत नाही, रक्त तर नाहीच नाही, त्याला फक्त सिलिंडरमधून किती गेलं ते दिसतं. आणि सिलिंडरमधून गॅस जायला श्वास हे एकच कारण नसतं. ४० मीटरवर विंगमध्ये (तरंगण्यासाठीच्या पाठीवरच्या पिशवीत) चार लिटर आणि ड्रायसूटमध्ये (पाणी आत न येणाऱ्या सूटमध्ये) दोन लिटर सोडले की पृष्ठभागाचे ३० लिटर गेले, कारण तिथे प्रेशर पाचपट. हे ३० लिटर माझ्या फुफ्फुसाच्या आसपासही फिरकले नाहीत पण कॉम्प्युटरच्या मते मी धापा टाकतोय. वर येताना एसएमबी (खुणेचा फुगा) फुगवला, तोंडात धरायचा रेग्युलेटर उलटा होऊन थोडा फ्री-फ्लो झाला, म्हणजे गॅस आपोआप वाहिला, बडीला दोन मिनिटं लाँग होजवर (माझ्या लांब नळीवर) गॅस दिला (हा ड्रिल आम्ही दर वेळी करतो), सगळं माझ्या नावावर कष्ट म्हणून जमा.

सगळ्यात मजा पाण्यात शिरताना. सिलिंडर बाहेर ३० डिग्रीला तापलेला, पाणी १५ डिग्री. गॅस थंड झाला की प्रेशर उतरतो, हे शाळेतलं फिजिक्स आहे, २०० बारचे साधारण १० बार काही न करता जातात. माझ्या ट्विन १२ वर (१२ लिटरचे दोन सिलिंडर) १० बार म्हणजे २४० लिटर. हा उतार पहिल्या पाच-सहा मिनिटांत होतो, म्हणजे नेमका खाली जाताना, आणि मग माझा १८ लिटरचा नेहमीचा आकडा २८ दिसतो. मी दगडासारखा निवांत खाली चाललोय आणि मनगट थरथरून सांगतंय की श्वास जड आहे, जपा. पहिल्या वेळी मी खरंच थांबून स्वतःला तपासलं. पाचव्या वेळी बघितलंसुद्धा नाही. आणि ज्या अलार्मकडे माणूस बघायचं सोडतो तो अलार्म नसलेलाच बरा.

इथपर्यंत तुम्ही म्हणाल की ठीक आहे, सेन्सर कच्चा आहे, पुढच्या मॉडेलमध्ये सुधारेल. पण मी डोकं घातलं तसं लक्षात आलं की प्रश्न सेन्सरचा नाहीये, प्रश्न श्वासाच्या वेगाचा डेकोशी संबंध काय हाच आहे, आणि तिथे आपल्या सगळ्यांच्या डोक्यात (माझ्याही होता) एक ठाम गैरसमज आहे. तो असा की नायट्रोजन श्वासातून आत येतो, श्वासातून बाहेर जातो, म्हणजे जास्त श्वास घेतला तर जास्त येणार आणि वर येताना जास्त श्वास घेतला तर जास्त जाणार. ६ मीटरच्या स्टॉपवर लोहाराच्या भात्यासारखे श्वास घेणारे लोक मी बघितलेत. का रे बाबा? तर म्हणे नायट्रोजन लवकर धुऊन निघतो.

निघत नाही. म्हणजे निघतो, पण तुमच्या भात्यामुळे नाही. हिशोब बघा, मला हा फार आवडला म्हणून लिहितोय. नायट्रोजन रक्तात विरघळतो अगदी थोडा, रक्त आणि हवा यांच्यातलं त्याचं वाटपाचं प्रमाण ०.०१५ च्या आसपास. असा गॅस घेऊन रक्त फुफ्फुसात आलं की एका फेरीतच तो जवळजवळ सगळा हवेत सोडून मोकळं होतं. नॉर्मल श्वास चालू असताना ९८ टक्क्यांच्या वर जातो. आता तुम्ही जीव खाऊन श्वास दुप्पट केला तर? ९९. निम्मा केला तरी ९६ च्या वर. म्हणजे दरवाजा आधीच सताड उघडा आहे, तुम्ही त्याला अजून ढकलताय. गर्दी अडली आहे ती मागे, टिशूतून फुफ्फुसापर्यंत येणाऱ्या रक्ताच्या रस्त्यावर, आणि तो रस्ता श्वासाने रुंद होत नाही.

खाली जातानाचंही तेच. ४० मीटरवर हवा श्वासात घेतली तर वायुकोशातला नायट्रोजन किती? एकूण प्रेशर ५ बार, त्यातून पाण्याच्या वाफेचे ०.०६३ वजा, उरलेल्याचे ७९ टक्के, म्हणजे ३.९० बार. या हिशोबात तुम्ही मिनिटाला १२ लिटर घेताय का ३० याला जागाच नाहीये, शोधून बघा. श्वासाने बदलतो तो कार्बन डायऑक्साइड. तो समजा नेहमीच्या ४० वरून ५० मिलिमीटरवर गेला, म्हणजे चांगलाच साचला, तरी नायट्रोजनमध्ये फरक पडेल फार तर ०.०१३ बार. पाण्याच्या भाषेत सांगायचं तर वीतभर खोलीसुद्धा नाही. तुम्ही मनगट छातीशी धरलंत का मांडीशी यानेच कॉम्प्युटरच्या डेप्थमध्ये त्याहून जास्त फरक पडतो!

शरीरशास्त्रज्ञ हॅल्डेनने १९०८ मध्ये पाच टिशू धरून डेकोची पहिली टेबलं मांडली, ५ पासून ७५ मिनिटांपर्यंतचे हाफ-टाइम (टिशू निम्मा भरायला लागणारा वेळ), तेव्हापासून बुलमनच्या १६ कंपार्टमेंटपर्यंत, जिथे नायट्रोजनचा सगळ्यात आळशी टिशू ६३५ मिनिटांचा आहे, ते कष्टांचं आठचं मॉडेल सोडलं तर सगळीकडे खोली, वेळ आणि गॅस एवढंच आत जातं. श्वासाचा वेग कुणी विसरलं म्हणून राहिला नाही. त्याचं काम नव्हतं म्हणून राहिला.

मग कॉम्प्युटरवाले म्हणतात तो संबंध कुठला? तर तो आडवळणाचा आहे. कष्ट केले की रक्त जोरात फिरतं आणि श्वासही वाढतो. दोघांचं मूळ एक. रक्त मोजता येत नाही म्हणून श्वास मोजायचा, आणि श्वासही मोजता येत नाही म्हणून सिलिंडरचा प्रेशर मोजायचा. एक अंदाज, त्याच्यावर दुसरा अंदाज, आणि त्यावरून माझे डेकोचे मिनिटं. आजार रेड्याला आणि इलाज पखालीला म्हणतात ना, इथे तर पखालही खरीच पाण्याची.

आणि वर येतानाची तर अजूनच गंमत. खाली कष्ट करणं वाईट हे सगळ्यांना मान्य आहे. पण स्टॉपवर हलकेच पाय हलवत राहणं चांगलं, कारण रक्त फिरतं राहतं आणि गॅस बाहेर पडायला मदत होते. थंडीचंही तसंच, अमेरिकन नेव्हीच्या एक्सपेरिमेंटल डायव्हिंग युनिटने २००७ मध्ये १२० फुटांच्या डाइव्हवर हे मोजून दाखवलं, खाली गार आणि डेकोत गरम असलेले डायव्हर सगळ्यात बरे राहिले आणि खाली गरम, डेकोत गार असलेल्यांना बेंड्स (शरीरात गॅसचे बुडबुडे होऊन होणारा आजार) कितीतरी जास्त झाले. म्हणजे तीच गोष्ट, रक्त जोरात फिरणं, खाली शत्रू आणि वर मित्र. माझा कॉम्प्युटर? तो वरही तेच करतो. ६ मीटरवर थोडा करंट होता, मी लाइन धरून हळूहळू पाय मारत होतो, वापर १४ वरून १९ वर गेला आणि साहेबांनी स्टॉपला दोन मिनिटं चिकटवली. तेही जाऊ द्या, दोन मिनिटं जास्त थांबलो तर काही बिघडत नाही. बिघडतं ते पुढच्या गोष्टीने.

हे फीचर चांगला श्वास नाही, कमी श्वास शिकवतं. कमी ओढा, डेको कमी मिळेल! असं बक्षीस माणसासमोर ठेवलं की माणूस काय करणार? माझ्या बडीने माझं बघून हाच कॉम्प्युटर घेतला (हो, त्याला मीच भरीस घातलं, मान्य), आणि दीड महिन्यात त्याचा वापर १७ वरून ११ वर आला. मी आधी कौतुक केलं. मग एकदा स्टॉपवर शेजारी लटकून त्याचे बुडबुडे मोजले. श्वास घ्यायचा, धरून ठेवायचा, धरून ठेवायचा, मग जरा सोडायचा. त्याच्या दोन वेळच्या बुडबुड्यांमधे मी माझे तीन श्वास घेतले. वर आल्यावर डोकं धरून बसला, म्हणे हल्ली डाइव्हनंतर डोकं दुखतं, मास्क घट्ट होतो वाटतं.

अरे मास्क कसला! याला म्हणतात श्वास चोरणं, आणि याने साचतो तो कार्बन डायऑक्साइड. नायट्रोजन इकडचा तिकडे होत नाही, वर हिशोब दाखवला, पण कार्बन डायऑक्साइड साचला की नार्कोसिस (खोलीवर गॅसने येणारी झिंग) वाढतो, डोकं चालत नाही, आणि मेंदूचा रक्तपुरवठा वाढतो. मेंदूचा रक्तपुरवठा वाढला म्हणजे तिथे ऑक्सिजनही जास्त पोचला. आता आठवा आपण ६ मीटरवर कशावर असतो. शुद्ध ऑक्सिजन, १.६ बार, ज्याला नोआ या अमेरिकन सरकारी समुद्र संस्थेच्या टेबलात एका डाइव्हला ४५ मिनिटांची मर्यादा आहे. म्हणजे जिथे फिट येण्याचा धोका आधीच काठावर आहे, नेमका तिथे कॉम्प्युटरला खूश करायला श्वास चोरायचा. मी त्याला तिथेच बोटीवर सांगितलं की तू हा मोड बंद करणार नसशील तर मी तुझ्याबरोबर ऑक्सिजनचा डेको करणार नाही. जरा फुगला, पण केला बंद. डोकेदुखी पुढच्या दोन डाइव्हमध्ये गेली, वापर परत १६ वर आला.

आमचे इन्स्ट्रक्टर सर कोर्सच्या पहिल्याच दिवशी म्हणाले होते, ‘गॅस वाचवायचा असेल तर मोठा सिलिंडर घ्या, श्वासात काटकसर करू नका.’ तेव्हा वाटलं सर असंच बोलतात.

खोलीवर श्वासाचा खरा प्रश्न वेगळाच आहे आणि त्याच्याबद्दल या कॉम्प्युटरच्या मॅन्युअलमध्ये एक ओळ नाही. गॅस दाट होतो. हवा पृष्ठभागावर लिटरला साधारण १.३ ग्रॅम, ४० मीटरवर ६.४. हल्ली सांगतात की ५.२ च्या आत राहा आणि ६.२ च्या वर जाऊच नका, म्हणजे ४० मीटरला हवेवर तुम्ही आधीच रेषेपलीकडे. दाट गॅस आत-बाहेर करायलाच इतकी ताकद लागते की फुफ्फुसं पुरी साफ होत नाहीत, कार्बन डायऑक्साइड साचतो, तो साचला की अजून श्वास घ्यावासा वाटतो, अजून कष्ट, अजून साचतो. या भोवऱ्यात जोरात श्वास घेऊन सुटका नाही. २००५ मध्ये डेव्हिड शॉ या डायव्हरचा दक्षिण आफ्रिकेतल्या बोसमन्सगाट या पाणगुहेत २७० मीटरवर जीव गेला तो असाच, रीब्रीदरवर (सोडलेला श्वास साफ करून परत देणाऱ्या यंत्रावर), काम करता करता, आणि सगळा प्रकार त्याच्याच कॅमेऱ्यात रेकॉर्ड झाला. एवढ्या खोलीवर आपण कुणी जात नाही, पण भोवरा ५० मीटरवरही तोच असतो, फक्त हळू फिरतो. म्हणून हीलियम. ६० मीटरवर १८/४५ ट्रायमिक्स (१८ टक्के ऑक्सिजन, ४५ टक्के हीलियम) साधारण ५.६ ग्रॅम, हवा ९. धाप लागली तर थांबा, काहीतरी धरा, तीन-चार लांब श्वास सोडा, नाहीच जमलं तर वर या. हे काम अलार्मचं होतं! ‘डेको दोन मिनिटं वाढवला’ असं सांगण्यापेक्षा ‘थांब’ एवढंच सांगितलं असतं तर मी या फीचरला पाच स्टार दिले असते.

आणि श्वासाचं डेकोशी एक नातं मात्र खरं आहे, तेही याला दिसत नाही. श्वास कोंडून जोर लावणं. चारातल्या एका माणसाच्या हृदयात वरच्या दोन कप्प्यांमधली झडप जन्मानंतर पुरती मिटलेली नसते, पीएफओ म्हणतात. डाइव्हनंतर शिरांत थोडे बुडबुडे बहुतेकांना असतातच, फुफ्फुसं ते गाळून टाकतात. पण ट्विनसेट पाठीवर घेऊन श्वास कोंडून शिडी चढलात, दात-ओठ खाऊन जोर लावलात, की सोडल्याबरोबर त्या फटीतून ते बुडबुडे पलीकडे धमनीत जाऊ शकतात. मी आता स्टेज (डेकोच्या गॅसचा बाजूला लटकवलेला सिलिंडर) पाण्यातच काढून देतो, आणि शिडीवर श्वास सोडत सोडत चढतो. बघणाऱ्याला वाटतं म्हातारा झाला.

टेक (डेकोवाल्या टेक्निकल डाइव्ह) करणाऱ्यांसाठी अजून एक अडचण, आणि माझ्या मते फीचर बंद करायला ही एकटीही पुरेशी आहे. आपण डाइव्ह आधी कागदावर करतो. तिघांची टीम, सॉफ्टवेअरमध्ये ग्रेडियंट फॅक्टर (डेको किती सावध ठेवायचा त्याचे आकडे) टाकायचे, २१ मीटरवर ५० टक्के ऑक्सिजनचं मिश्रण, ६ वर शुद्ध ऑक्सिजन, मिनिटं स्लेटवर लिहायची, गॅस त्याप्रमाणे भरायचा. मग पाण्यात माझा एकट्याचा कॉम्प्युटर स्वतःच्या मनाने वेगळंच टेबल काढतो, ते का काढलं ते सांगत नाही, कारण मॅन्युअलमध्ये फॉर्म्युला नाही, नुसतं ‘वाढलेल्या श्रमानुसार जुळवून घेतो’ असं वाक्य आहे. स्लेटवर ९ मीटरला ४ मिनिटं, माझ्या मनगटावर ७. तीन मिनिटं दोघं माझ्याकडे बघत लटकलेत. बरं २१ वर गॅस बदलला की मी स्टेजवर, स्टेजला ट्रान्समीटर नाही, बॅकगॅसचा (पाठीवरच्या सिलिंडरचा) काटा हलत नाही, तर हा समजतो मी श्वासच घेत नाहीये आणि एकदम निवांत माणसाचं गणित सुरू करतो. म्हणजे ज्या भागात डेको होतो नेमका तिथेच आंधळा. प्रत्येक स्टेजला वेगळा ट्रान्समीटर घ्या असं त्यांचं उत्तर, आणि रीब्रीदरवाल्यांनी तर विचारूच नये कारण तिथे सिलिंडरमधून जातो तो शरीराने जाळलेल्या ऑक्सिजनपुरता, श्वासाचा आणि त्याचा काही मेळ नाही.

सर्व्हिसबद्दल दोन ओळी. स्टेजच्या या प्रकाराबद्दल मी त्यांना लॉग जोडून लिहिलं, अकरा दिवसांनी उत्तर आलं की युनिट नॉर्मल चालतंय. परत लिहिलं, परत तेच. मग फर्मवेअर अपडेट आला, मोठ्या आशेने टाकला, आणि त्याने मी बंद केलेला मोड गुपचूप परत चालू केला. मला ते पाण्यात, १२ मीटरवर कळलं. अपडेटनंतर सेटिंग तपासा, कृपा करून, पाण्याबाहेर असताना.

मग ठेवलाय कशाला? तर तो ग्राफ. श्रमाचा मोड बंद केला की आत साधा बुलमन आणि ग्रेडियंट फॅक्टर मिळतात, मी ४०/८० वर चालवतो, सगळी टीम त्यावरच आहे. कष्ट झाले असं मला वाटलं तर मी ६ मीटरवर पाचेक मिनिटं स्वतः वाढवतो आणि खूण करून दोघांना सांगतो, त्यात काही गुपित नाही. आणि गॅसच्या प्लॅनिंगला मात्र श्वासाचा वेग हा राजा आहे, तिथे हा कॉम्प्युटर बिनतोड. आधी मी सगळीकडे २० लिटर धरून चालायचो. लॉगने दाखवलं की खाली मी १८ वर असतो, स्टॉपवर १४, करंटमध्ये २८, आणि घाबरलो की ३१. हा शेवटचा आकडा मला कुठल्याच कोर्सने दिला नव्हता. आता ४० मीटरवर काही झालं तर दोघांना वर आणायला किती राखीव हवा ते मी ३१ ने काढतो. दोघांचे ६२, पाच बारला मिनिटाला ३१० लिटर, ट्विन १२ मध्ये मिनिटाला जवळजवळ १३ बार. आधी २० ने काढायचो तेव्हा हे सव्वाआठच्या आसपास निघायचं. म्हणजे इतकी वर्षं मी साडेचार बारच्या फरकाने नशिबावर चाललो होतो, तेही प्रत्येक मिनिटाला. हा हिशोब पहिल्यांदा केला त्या रात्री झोप लागली नाही नीट.

स्टार द्यायचेच तर गॅससाठी पाच, डेकोच्या त्या मोडला दीड, आणि अर्धा त्या स्पूलच्या दिवसासाठी.

हा, घेतलात तर एक सांगायचं राहिलं. ट्रान्समीटर थेट फर्स्ट स्टेजवर (सिलिंडरच्या तोंडावर बसणाऱ्या रेग्युलेटरच्या भागावर) उभा बसवू नका, ट्विनसेट उचलताना प्रत्येक जण त्यालाच मूठ समजून धरतो. माझा तसाच एकाने धरला, आता छोट्या होजवर आडवा बांधलाय मॅनिफोल्डखाली (दोन सिलिंडर जोडणाऱ्या नळीखाली), आणि वर लाल टेपने लिहिलंय ‘हात लावू नये’. तरी लावतात.